देवळाची किल्ली जेवायला गेली

देवाच्या मनात असेल तेव्हाच माणूस देवळात पोचतो, असं म्हणतात. थुआत सरांच्या बाबतीत देवाने आधी पुष्कळ विचार केला असावा.

हनोईतल्या त्या जुन्या चार मजली वसाहतीची सहल दरवर्षी उन्हाळ्यात समुद्रावर जायची. तिथे कंबरभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे, उकडलेल्या शिंपल्या खायच्या, पाठी लाल करून घ्यायच्या आणि परतताना बसमध्ये सगळ्यांनी एकदिलाने ओकायचं, असा तिचा ठरलेला विधी होता. त्यात कुणालाच काही खटकत नव्हतं. खटकलं ते थुआत सरांना, आणि तेही निवृत्त झाल्यावर.

सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. सरकार निवृत्त शिक्षकाला पेन्शन देतं, वर्ग देत नाही. तेव्हा सरांनी आपला वर्ग अंगणातल्या चहाच्या टपरीवर, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर भरवायला सुरुवात केली. बर्फ घातलेला चहा प्यायला आलेला साधा माणूस ली घराण्यात अडकायचा आणि ट्रान घराणं बुडेपर्यंत सुटायचा नाही. काही जण तर घरीच चहा करून प्यायला लागले होते.

अशाच एका संध्याकाळी सर म्हणाले, "समुद्र काही पळून जात नाही. या वर्षी एक दिवस आपण आपला देश बघू. सकाळी शहरातलं संग्रहालय, मग जुन्या किल्ल्याचा तट, आणि दुपारी दोंग मातचं गावदेऊळ. तिथलं लाकडावरचं कोरीव काम बघितलं की डोळ्यांचं पारणं फिटतं."

"सर, देश मी रोज बघते," होईताई म्हणाल्या. "सकाळी भाजीला निघाले की अर्धा देश माझ्या पायावरून स्कूटर घालतो."

होईताई वसाहत समितीच्या प्रमुख. रेशनच्या दिवसांत त्या धान्यदुकानावर होत्या, आणि ते दिवस सरून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माणूस उभा राहिला की आपोआप रांगेत उभा राहायचा.

"होईताई, आपल्या मातीचा इतिहास आपल्याला माहीत नको?"

"हवा की. पण त्या मातीत दुपारी बारा वाजता उभं कशाला राहायला हवं? लोक कंटाळले तर?"

इथे सरांचा स्वाभिमान दुखावला. आणि शिक्षकाचा स्वाभिमान दुखावला की तो प्रतिज्ञा करतो. "लोक कंटाळले," ते म्हणाले, "तर या अंगणात मी पुन्हा इतिहासाचा शब्द काढणार नाही."

टपरीवरच्या सगळ्यांनी कान टवकारले. मग चहावालीने फार आशेने विचारलं, "कधी निघताय?"

घरी आल्यावर सरांनी हे पत्नीला, न्यानबाईंना, सांगितलं. त्यांनी फक्त भाताचा डाव जरा जोरात ठेवला. नवऱ्याला समुद्र नसला तर चालतं, इतिहास नसला तर तो भिंतींना शिकवायला लागेल, आणि त्या भिंतींच्या आत आपणच राहतो, हे त्यांना कळत होतं. त्या बाईंच्या दृष्टीने ही सहल घरात शांतता राहणार की नाही, याचा निकाल होती.

मग तारीख ठरवणं आलं. आपल्याकडे पंचांग एकच माणूस बघतो. तिथे प्रत्येक मजल्यावर एकेक पंचांग होतं. सप्तमीला घर सोडायचं नसतं, तृतीयेला घरी परतायचं नसतं, हे दुसऱ्या मजल्याने सांगितलं. पंचमी, चतुर्दशी आणि तेविसावी तिथी राजाच्यासुद्धा वाटेला जाते, हे तिसऱ्याने सांगितलं. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला चौथ्या मजल्याचा शाकाहार. तिथे वर्षांना आणि महिन्यांना प्राण्यांची नावं असतात; तळमजल्यावरच्या झूकाकांनी आपल्या जन्मवर्षाचा वाघ आणि चालू महिन्याचं माकड यांचं पटत नाही, असं सांगून उरलेले बरेचसे दिवस खाल्ले. शेवटी एक तारीख उरली. तिला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं असं नाही. हरकत घेणारे तोवर झोपायला गेले होते.

तारीख मिळाली तर परवानगी अडली. ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीला प्रभाग कार्यालयाची मान्यता लागायची. तिथल्या तरुणाने अर्ज वाचला आणि नम्रपणे सांगितलं, "काका, मंजूर विषय 'आरोग्यासाठी समुद्रस्नान' असा आहे. इतिहास आरोग्यात बसत नाही."

"बेटा, इतिहासाने मन निरोगी राहतं."

"मनासाठी वेगळा विभाग आहे. तो बुधवारी उघडतो."

होईताईंनी तोडगा काढला. नाव तेच ठेवायचं, दिशा बदलायची. त्यामुळे ठरलेल्या सकाळी बसच्या काचेला गेल्या वर्षीचाच लाल कापडी फलक लागला: 'आरोग्यासाठी समुद्रस्नान सहल'. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि जसा थोर माणूस अपमानाकडे बघतो तसं दुसरीकडे बघितलं.

बस रात्रीच फाटकाशी आणून लावली होती; अडला तो चालक. बिन्ह नावाचा तो चालक वसाहतीच्या फाटकापर्यंत आला, समोर होईताईंना बघून थबकला आणि पाठ फिरवून निघून गेला. चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी घराबाहेर पडल्यावर पहिलं दर्शन बाईचं झालं तर दिवस वाईट जातो म्हणून तो घरी परतला आहे. पुन्हा झोपेल, पुन्हा उठेल आणि नव्याने बाहेर पडेल.

"म्हणजे मी अपशकुन?" होईताई म्हणाल्या.

"तसं नाही हो," न्यानबाई समजुतीने म्हणाल्या. "तुम्ही फक्त पहिल्या."

बिन्ह दुसऱ्यांदा उठून आला तेव्हा सगळ्या बायकांना बसमागे उभं करून झूकाकांना पुढे पाठवलं. पुरुषाचं दर्शन घडल्यावर गाडी सुरू झाली. होईताई चालकाच्या अगदी मागे जाऊन बसल्या आणि वाटभर त्याच्या मानेकडे बघत राहिल्या.

संग्रहालयात सरांनी ताशाएवढ्या आवाजात पहिलं वाक्य उच्चारलं, तोच रखवालदार आला.

"काका, मार्गदर्शकाचं कार्ड दाखवा."

"मी शिक्षक आहे."

"शिक्षकाला शाळेत बोलता येतं."

"ही माझी शेजारची माणसं. शेजाऱ्यांशी बोलायचं नाही?"

रखवालदार सज्जन होता. त्याने विचार केला. "बोला. पण हात वर करून, बोट दाखवून नाही. ते मार्गदर्शन होतं. खिशात हात घालून बोललात तर गप्पा."

मग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवून शत्रूची गलबतं फोडल्याची ती थोर कथा सरांनी खिशात हात घालून सांगितली. ओहोटी त्यांनी खांद्याने दाखवली, शत्रू भुवयांनी बुडवला. खांब कुठे ठेवलेत ते हनुवटीने सुचवलं, तेव्हा सगळ्यांनी तिकडे बघितलं, आणि तिकडे स्वच्छतागृहाची पाटी होती. निम्मी मंडळी कृतज्ञतेने तिकडे गेली.

जुन्या किल्ल्याचा तट म्हणजे एक लांब टेकाड निघालं. "हा तट होता," सर म्हणाले.

"आणि आता?" होईताईंनी विचारलं.

"आता केळी आहेत."

"केळी तरी खरी आहेत ना?" त्या म्हणाल्या, आणि बसकडे वळल्या. झूकाका पोहण्याची चड्डी घालून आले होते हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं.

सरांची सगळी भिस्त राहिली ती दोंग मातवर.

गाव खरोखर देखणं होतं. तळ्यात कमळं, तळ्याकाठी वड, वडाच्या पलीकडे पंखांसारखी कोपऱ्यात वर वळलेली कौलारू छपरं असलेलं गावदेऊळ. ते छप्पर बघताच बसमधली कुरकुर आपोआप थांबली. आपल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी एवढं जड काही इतकं हलकं करून ठेवलंय, हे दिसलं की बोलणं थांबतंच. न्यानबाईंनी मांडीवरचं तबक सावरलं. त्यांनी पहाटे उठून गावदेवतेसाठी सगळं रचलं होतं: विड्याची पानं, सुपाऱ्यांचा घोस, केळी, चिकट भाताचे लाडू, तांदळाच्या दारूची छोटी बाटली, उदबत्त्या. वर लाल पारदर्शक कागद. देवाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

देवळाला कुलूप होतं.

शेजारच्या खाणावळीत सरांनी जेवण सांगून ठेवलं होतं. तिलाही कुलूप होतं. गल्लीत माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. तळ्यावर एक म्हातारा बदकं राखत होता, त्याने सांगितलं, "किल्ली चातकडे. चात जेवायला गेलाय."

"आणि खाणावळवाली?"

"तीही जेवायला गेलीय. तोआनच्या आजीचं दरवर्षीचं श्राद्ध आहे. सगळं गाव तिथेच. मी बदकं आत घातली की निघालोच."

"मी एकटा जाऊन किल्ली घेऊन येतो," सर म्हणाले. पण ऊन असं होतं की एकटं राहायला कुणी तयार नव्हतं. सावली कुठे आहे ते जेवणाच्या वासावरून कळत होतं. सगळी बस सरांच्या मागे निघाली.

तोआनच्या घराचं अंगण मांडवाखाली गच्च भरलं होतं. दारात सर म्हणाले, "माफ करा, आम्ही जरा..." आणि एका प्रसन्न, घामाघूम माणसाने त्यांचे दोन्ही हात धरले.

"केवढा उशीर. आम्ही केव्हाची वाट बघतोय. या, आत या. आधी उदबत्ती लावा, मग बसा."

हे थोरले तोआन. त्यांनी वेशीवर थांबलेली बस आणि तिच्यावरचा समुद्रस्नानाचा फलक लांबूनच पाहिला होता, आणि ही धाकट्या भावाच्या सासरची समुद्राकाठची माणसं, असा निष्कर्ष काढला होता. धाकट्यानेही तोच फलक पाहिला होता. त्याला वाटलं, दादाने न विचारता कुणाला तरी बोलावलंय. दादाचं हे नेहमीचंच. श्राद्धाला आलेल्याला 'आपण कोण' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. त्यामुळे कुणीच कुणाला विचारलं नाही.

तरीही त्या क्षणी सुटका शक्य होती. पण न्यानबाई आत गेल्या, आणि समोर वेदी दिसली. धूर, फुलं, तुपकट पिवळा उजेड, धुरामागे एक धूसर तसबीर. हातात नैवेद्य आणि समोर पेटलेली उदबत्ती असताना तो नैवेद्य हातातच धरून उभं राहणं त्या बाईच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नसतं. त्यांनी तबक पुढे ठेवलं, हात जोडले आणि तीनदा वाकल्या. देवाचं ते पितरांना पोचलं. आणि ज्याने वेदीवर तबक ठेवलं तो घरचाच झाला.

"अहो, हे काय केलंत?" सर कुजबुजले.

"हात आपोआप पुढे गेले," न्यानबाई म्हणाल्या. "आता उचलू का परत?"

श्राद्धाचं ताट असतं सहाजणांचं. मोठं गोल ताट, भोवती सहा माणसं. पाच जणांनी चॉपस्टिक उचलायच्या नाहीत आणि सातव्याला कोंबायचं नाही. त्यामुळे अंगणभर एकच हाकाटी चालली होती. "इकडे चौघंच आहेत, दोन द्या." "काकू, इथे एक जागा आहे." आणि सरांच्या डोळ्यांदेखत त्यांची सहल वाटली गेली. झूकाका खाणावळवालीच्या ताटाला गेले, होईताईंना दोन वहिन्यांनी दंडाला धरून नेलं, बिन्ह न बोलावता कुठेतरी सहावा झाला. कष्टाने एकत्र केलेला वर्ग असा मधल्या सुट्टीसारखा फुटला.

सरांना मानाच्या ताटावर, पांढऱ्या दाढीच्या चार आजोबांमध्ये बसवलं. डावीकडे एक गप्प, लालबुंद गृहस्थ होते. सरांनी किल्लीचा विषय काढायला तोंड उघडलं, पण वडीलधाऱ्यांनी पहिला पेला घेईपर्यंत कामाची गोष्ट काढणं म्हणजे असभ्यपणा. पेला झाला. सरांनी पुन्हा तोंड उघडलं, तर त्यात कुणीतरी कोंबडीचा चांगला तुकडा घातला. तो संपेपर्यंत शेजारचे लालबुंद गृहस्थ इतर ताटांना भेटायला उठून गेले होते.

"चातकाका कुठे भेटतील?" सरांनी विचारलं.

"चात? आत्ता इथेच बसला होता. तुमच्या डावीकडे."

सर उठले. पण रिकाम्या हाताने दुसऱ्या ताटापाशी जाता येत नाही. जायचं तर पेला घेऊन, आणि गेल्यावर तो प्यायचा. पहिल्या ताटाने सांगितलं, चात पुढच्या ताटाला गेला. पुढच्या ताटाने सांगितलं, आत्ताच उठला. चातकाका अंगणाला प्रदक्षिणा घालत होते, सरही घालत होते. दोघं एकाच दिशेने, एका ताटाच्या अंतराने. उलट्या दिशेने गेलं तर गाठ पडेल, हा विचार सरांना तिसऱ्या पेल्यानंतर सुचला आणि चौथ्यानंतर विसरला. पाचव्यानंतर त्यांना चातची गरज वाटेनाशी झाली. सगळे लोक फार चांगले आहेत असं त्यांचं मत झालं होतं. ते तसेच होते, ही गोष्ट वेगळी.

लांबून न्यानबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्याचा चेहरा असा उजळला की तो लवकरच बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या उठेपर्यंत उशीर झाला होता. तोआननी सरांच्या हातात गाण्याचा ध्वनिक्षेपक दिला. "आमच्या पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. वयाने मोठे आहेत, आवाजही भरदार आहे."

सरांनी वेदीकडे नजर टाकली. चष्मा न्यानबाईंच्या पिशवीत होता. धुरामागे तसबिरीत कुणीतरी ताठ मानेने बसलं होतं. या क्षणी एखादा दुसरा माणूस थांबला असता. पण चांगल्या कीर्तनकाराला जसा समोर भरलेला मांडव दिसला की आख्यान आपोआप आठवतं, तसं सरांचं झालं. आणि आज दिवसभर कुणी त्यांना धड एक वाक्य बोलू दिलं नव्हतं.

"या घराच्या थोर पूर्वजांना," ते म्हणाले, "माझा प्रणाम. पहाटेच्या काळोखात ज्यांनी नदी ओलांडली, त्यांना. खांद्यावर भार होता, पायाखाली चिखल होता. समोर शत्रूची चौकी, मागे उपाशी लेकरं. पण ते माघारी फिरले नाहीत. त्यांनी थकलेल्या सैन्याला बळ दिलं. स्वतः रिकाम्या हाताने परतले, पण देश भरलेला ठेवला. असे सेनापती ज्या मातीत जन्मतात..."

आवाज चढला, उतरला, थरथरला. वडावरचे पक्षी उडाले. आणि हळूहळू अंगणातला चॉपस्टिकांचा आवाज बंद झाला.

"हा कुणाबद्दल बोलतोय?" एका काकूंनी विचारलं.

तोआन धाकट्या भावाकडे वळले. "तुझ्या सासरचे लोक आपल्या आजीला सेनापती का म्हणताहेत? आजी टोफू विकायची."

"माझ्या सासरचे? दादा, हे तुझे पाहुणे ना?"

"माझे? समुद्रावरून आलेत, बसवर लिहिलंय."

"माझी सासुरवाडी डोंगरात आहे. एवढी वर्षं झाली, तुला एवढंही माहीत नाही?"

ही दोन भावांमधली जुनी जखम असावी, कारण दोन्ही बाजूंच्या बायका एकदम उभ्या राहिल्या. आणि मग जे कुणी कधी विचारत नाही ते तोआननी विचारलं. "माफ करा काका, पण आपण कुणाकडचे?"

ध्वनिक्षेपक अजून सरांच्या तोंडाशी होता, त्यामुळे त्यांनी गिळलेला आवंढा सगळ्या गावाने ऐकला. परक्याच्या श्राद्धाला फुकट जेवलेला, पाच पेले प्यायलेला, टोफूवालीला सेनापती करणारा निवृत्त शिक्षक. चाळीस जणांच्या वर्गासमोर ज्याची जीभ कधी अडखळली नाही, तो मांडवात ध्वनिक्षेपकाची तार बोटाला गुंडाळत उभा होता. आता अंगणातलं इतिहासाचं दुकान बंद, हे त्यांना दिसत होतं. आणि दुकान बंद व्हायला हवं हेही बहुधा त्यांना त्या क्षणी पटलं असावं.

पलीकडच्या ताटावरून होईताई उठल्या. तोंड रुमालाने पुसलं, आणि रेशनच्या खिडकीतून बोलाव्यात तशा बोलल्या.

"आम्ही या सरांकडचे. सगळेच्या सगळे. देऊळ दाखवायला त्यांनी आणलं होतं. देवळाची किल्ली जेवायला आली, म्हणून मागोमाग आम्ही आलो. चूक झाली असेल तर आमच्या सगळ्यांची झाली. जेवण मात्र फार चांगलं झालंय, ते मी आधी सांगून ठेवते."

कुणी हसलं नाही. सगळे वेदीजवळच्या बाजेकडे बघत होते. तिथे तोआनची आई, मुई आजी, गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. नव्वदी गाठलेली, तिथल्या जुन्या रीतीने दात काळे केलेली, बांबूच्या काडीसारखी. जिचं श्राद्ध होतं तिची ती सून.

"तोआन, खाली बस," ती म्हणाली. "धाकट्या, तूही. माणूस बोलला त्यात खोटं काय होतं?"

"आई, ते सेनापती म्हणाले."

"नदी ओलांडायच्या की नाही सासूबाई? रोज पहाटे, खांद्यावर कावड. पलीकडच्या घाटावर फ्रेंचांची चौकी होती की नाही? मी नवी नवरी होते, मला आठवतंय. एकदा त्या रिकाम्या कावडीने परत आल्या. म्हणाल्या, आज विक्री छान झाली. आम्ही तांदळाची वाट बघत बसलो. मग कळलं, वाटेत आपली पोरं भेटली होती, लढाईवरून आलेली, पावसात भिजलेली. सगळा टोफू त्यांनी खाल्ला. दोन दिवस आम्ही सोयाबीनचा चोथा खाल्ला, आणि त्या मात्र म्हणत राहिल्या, विक्री छान झाली." तिने सरांकडे बोट केलं. "ही गोष्ट मी घरात कधी काढली नव्हती. या माणसाला कुणी सांगितली?"

सरांना कुणीच सांगितली नव्हती. ते नुसते बोलत गेले होते, आणि बोलता बोलता एका खऱ्या बाईला जाऊन धडकले होते. असं कधीकधी होतं. ते बोलणाऱ्याचं कौतुक नसतं. ज्या मातीत कुठलंही वाक्य टाकलं तरी खरं उगवतं, त्या मातीचं असतं.

म्हातारीने चॉपस्टिक उचलली, वाडग्याच्या काठावर ठेका धरला आणि बारीक, पण जराही न हलणाऱ्या आवाजात गायला लागली:

"पहाटे जातं फिरे, दुधाळ धार झरे,
आठांच्या पोटापायी सासू माझी अंधारात शिरे.
कावड झाली रिती, तरी म्हणे 'भलं झालं',
कुणाचं भरलं पोट, तिने नाही विचारलं."

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सुनांनी शेवटची ओळ उचलली. तिसऱ्यांदा सगळ्या अंगणाने. झूकाका डोळे पुसत होते, पण ते मिरचीनेही असू शकेल. न्यानबाई मात्र सरळ रडत होत्या; ज्या तबकाने घोळ केला ते बरोबर जागी पोचलं होतं, असं त्यांना आता पक्कं वाटायला लागलं होतं.

गाणं संपलं तसे लालबुंद गृहस्थ पुढे आले. हे चात. "किल्ली हवी होती होय तुम्हाला? मघाशी माझ्या शेजारीच तर बसला होतात. सांगायचं नाही का?"

"पण देवासमोर ठेवायला काही राहिलं नाही," न्यानबाई हळूच म्हणाल्या.

मुई आजीने सुनेला खूण केली. तबक वेदीवरून खाली आलं, त्यात घरचे लाडू, केळी आणि एक अख्खी कोंबडी पडली. पितरांचा प्रसाद गावदेवाला. त्याला नाही म्हणायची देवाची काय बिशाद. जेवलेलं गाव आणि जेवलेली बस, दोन्ही मिळून देवळाकडे निघाली. म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणलं.

दार उघडलं. आत गारवा होता, जुन्या लाकडाचा वास होता, आणि तुळयांवर सगळं गाव कोरलेलं होतं. कुस्ती खेळणारे, होडी वल्हवणाऱ्या बायका, पेला घेऊन डुलणारा म्हातारा, आणि अजगराएवढ्या ड्रॅगनच्या मिशीला धरून झोके घेणारी पोरं. ज्याने हे कोरलं त्याला राजापेक्षा शेजारी जास्त आवडत असावेत.

सगळे माना वर करून उभे राहिले. सर मात्र एका खांबाआड, हात मागे बांधून गप्प होते.

"सर, बोला की," होईताई म्हणाल्या.

"नको होईताई. शब्द म्हणजे शब्द."

"शब्द काय होता? लोक कंटाळले तर." त्या वळल्या. "कोण कंटाळलंय? हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. बिन्हचा थोडासा झाला. होईताईंनी त्याच्याकडे बघितल्यावर त्या हाताने डोकं खाजवलं. मग त्यांनी माणसं बसवली. पुढचे खाली, मागचे उभे, उंच सगळ्यात मागे, आजींची खुर्ची मधोमध. गावकरीही मुकाट्याने त्या सांगतील तिथे बसले.

सरांनी न्यानबाईंच्या हातातून चष्मा घेतला, धोतरासारख्या सैल झालेल्या शर्टाच्या टोकाने पुसला आणि पहिल्या तुळईपासून सुरुवात केली. आवाज मघासारखा गरजत नव्हता. बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तसा होता. कुस्ती झाली, होडी झाली, ते डुलणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत आले, तेवढ्यात बाहेरून बसचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. बिन्ह केव्हा निसटला ते कुणाला कळलं नव्हतं.

होईताई उठल्या, कुणाच्या पायावर पाय न देता बाहेर गेल्या, आणि भोंगा मध्येच थांबला.

त्या परत आल्या. "उशीर होईल म्हणून सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या, आणि आपल्या जागी मांडी घालून बसल्या. "तेवढ्यात माझं मधलं चुकलं. पहिल्यापासून घ्या."

सरांनी पहिल्यापासून घेतलं.